साउंडवाले काका आणि शाळेची संमेलनं

माजी विद्यार्थी मंडळात जुन्या स्नेहसंमेलनांचा विषय निघाला की नाटकं, नाच, बक्षिसं सगळं होऊन गप्पा शेवटी साउंडवाल्या काकांवर येतात. ध्वनी आणि प्रकाशयोजनेचं सामान भाड्याने देण्याचा त्यांचा धंदा. पडद्यावर त्यांचं नाव कधी आलं नाही, पण संमेलन पार पडायचं ते त्यांच्यामुळे.

कार्यक्रम संध्याकाळी ६ चा असला तरी त्यांची गाडी सकाळीच आवारात उभी असे. आधी वायरी, मग बाकीचं. दिवे एका फेजवर, साउंड दुसऱ्यावर. दोन्ही एकत्र आले की डिमर, म्हणजे दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारं बटण, फिरवताच स्पीकर गुणगुणायला लागतो. १००० वॅटचा दिवा २३० व्होल्टवर साधारण ४.३ अँपिअर ओढतो, म्हणून १५ अँपिअरच्या सॉकेटवर तीनच दिवे. चौथ्यासाठी बाईंनी कितीही गळ घातली तरी काका हसून मान हलवत, एवढंच. वायरचं रीळ पूर्ण उलगडल्याशिवाय त्यावर दिवे लावत नसत, कारण गुंडाळलेल्या वायरीची उष्णता आतच कोंडते आणि आवरण वितळतं. माइकची वायर विजेच्या वायरीला समांतर न्यायची नाही, ओलांडायचीच झाली तर काटकोनात. आणि अर्थिंग तपासल्याशिवाय कुठल्याही मुलाच्या हातात माइक जायचा नाही.

शिट्टी वाजली की सगळे माइककडे रागाने बघतात. काका स्पीकरकडे बघत. स्पीकरचा आवाज माइकने परत उचलला की ते चक्र सुरू होतं, म्हणून स्पीकर कायम माइकच्या पुढे, तोंड प्रेक्षकांकडे. उघडे माइक जितके कमी तितकं बरं: एकाचे दोन झाले की शिट्टी न वाजता आवाज वाढवायची मोकळीक ३ डेसिबलने घटते, चार झाले की ६ ने. यासाठी ते नाटकाची संहिता चार दिवस आधी मागून घेत आणि कुठल्या वाक्याला कोणाचा माइक उघडायचा ते लाल पेन्सिलीने मांडून ठेवत. नाटक बसवणाऱ्या सरांपेक्षा त्यांनाच संवाद जास्त पाठ असायचे, असं आम्ही म्हणायचो. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलांना शिकवण इतकीच: माइक ओठांपासून चार बोटं, हनुवटीच्या जरा खाली. अगदी तोंडासमोर धरला की प, फ, भ आले की भसकन हवा आदळते. जाळी मुठीत धरायची नाही. मग माइक चहूकडचं ऐकायला लागतो आणि शिट्टी ठरलेलीच.

संमेलन मैदानावर असलं की खरी कसोटी. मागच्या रांगांसाठी ३४ मीटरवर जादा स्पीकर ठेवले तर पुढचा आवाज तिथे पोचायला एक दशांश सेकंद लागतो, वायरीतला लगेच पोचतो, आणि मागे बसलेल्यांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. आवाज मुद्दाम उशिरा सोडणारं यंत्र हाती येईपर्यंत काका पुढचे स्पीकरच उंच घोड्यांवर चढवून मागच्या रांगांकडे रोखत.

एका तारखेला एकच काम, हा त्यांचा नियम. संमेलनं सगळी डिसेंबर-जानेवारीत येतात, सामानाचे दोन संच होते, हाताखाली पोरंही होती. तरी आपण जिथे नाही तिथे आपलं नाव लावायचं नाही. धंदा वाढला नाही म्हणून बरोबरीचे लोक नावं ठेवत. वाढला नाहीच, खरं आहे. पण घरात मुलांचा अभ्यास घेणारे काका त्या धंद्यातल्या किती जणांच्या घरी होते?

वही काकूंची. काय गेलं, काय आलं, काय बिघडलं, असे तीन रकाने. बिघडलेल्या वायरीच्या टोकाला लाल टेप, आणि ती सुटेपर्यंत वायर गाडीत चढायची नाही. वायर गुंडाळायला दोन्ही मुलं घरीच शिकली: एक वेढा सरळ, पुढचा उलटा. म्हणजे पीळ बसत नाही आणि आतल्या तारा तुटत नाहीत.

मुलीचा नाच असला की काका सगळ्या माइकचे आवाज जुळवणारा मिक्सर हाताखालच्या पोराकडे देऊन काकूंशेजारी पाचव्या रांगेत जाऊन बसत. एका वर्षी नेमकी तेव्हाच शिट्टी वाजली. शंभर माना त्यांच्याकडे वळल्या. ते उठले नाहीत, मागे वळूनही पाहिलं नाही. नजर रंगमंचावर, हात मांडीवर. पोराने आवाज खाली घेतला, नाच चालू राहिला. सामान आवरताना त्यांनी त्याला फक्त विचारलं, की कोणता माइक उघडा राहिला होता.

आता धंदा मुलगी बघते. मिक्सर डिजिटल, प्रत्येक प्रवेशाची मांडणी आधीच साठवलेली, माइक बिनतारी, आणि कार्यक्रमाआधी त्यांत नवे सेल घालायचेच, कालचे कितीही चांगले असोत. एका तारखेला एकच काम मात्र तसंच आहे. यंदा मंडळाने तारीख उशिरा कळवली आणि तिच्यासाठी संमेलन एक दिवस पुढे न्यावं लागलं. म्हणून पुढच्या वर्षीची तारीख जूनमध्येच तिच्या वहीत लिहून ठेवायची ठरली आहे.