शेवंतीची कुंडी

पोलंडमधल्या क्राकुवला तीन दिवस होते. राजवाडा, मोठा चौक, मिठाची खाण, सगळं पाहिलं. सुंदर आहे, फोटो कुठेही मिळतील. मला सांगायचंय ते शेवंतीच्या कुंडीबद्दल.

३१ ऑक्टोबरला स्तारी क्लेपाश बाजारात जिकडेतिकडे शेवंतीचे ढीग होते. पिवळी, पांढरी, जांभळट. ज्यांच्या घरी खोली घेतली होती त्या आजींना काहीतरी न्यावं म्हणून टपोरी पिवळी कुंडी उचलली. आपल्याकडे शेवंती म्हणजे देवाला, वेणीला, तोरणाला. आजींनी दार उघडलं, कुंडीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. मग मोबाईलवरच्या भाषांतरातून कळलं: इथे ही फुलं मेलेल्या माणसांना नेतात. जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

आजी मात्र हसल्या. म्हणाल्या, उद्या चल, माझ्या नवऱ्याला देऊ.

१ नोव्हेंबर, सर्व संतांचा दिवस. सरकारी सुट्टी, दुकानं बंद, खायचे हाल. ट्रॅममध्ये पाय ठेवायला जागा नाही, ज्याच्या त्याच्या मांडीवर कुंडी. राकोवित्स्की दफनभूमी १८०३ सालची. चित्रकार मातेइको, कवयित्री शिंबोर्स्का इथेच आहेत. पण त्यांना शोधायचं राहूनच गेलं, कारण आजींनी माझ्या हातात ब्रश दिला. थडग्यावरचं शेवाळ घासायचं, पानं वेचायची, ओल्या फडक्यानं नावाची अक्षरं पुसायची. पितृपक्षात आमच्याकडे स्वयंपाकानं आईची कंबर मोडते. इथे कंबर मोडते ती थडगं घासून.

मग झ्निच लावले, म्हणजे झाकणाच्या काचेच्या भांड्यातले दिवे. आजी बराच वेळ पुटपुटत होत्या. मला पोलिशमधला एकच शब्द येतो, जेंकुये, म्हणजे आभारी आहे. तो मी चारदा ऐकला. कशाबद्दल, ते विचारलं नाही.

पिशवीत एक दिवा उरला होता. शेजारच्या थडग्यावर काहीच नव्हतं, नाव झिजलेलं. आजींनी दिवा माझ्याकडे दिला आणि बोटानं दाखवलं. साडेचारच्या सुमारासच अंधारून आलं होतं. हजारो दिव्यांनी अख्खी दफनभूमी पेटल्यासारखी, मेणाचा वास घशात बसलेला.

वाकून दिवा ठेवताना कोल्हापूरजवळचं गांधीनगर आठवलं. आम्ही कोल्हापूरकर लग्नाचं कापड घ्यायला तिथे जातो. तिथेच, वळीवड्याला, १९४३ ते १९४८ पोलिश निर्वासितांची छावणी होती. सुमारे पाच हजार माणसं, बरीचशी बायका आणि पोरं. काही परत गेलीच नाहीत, त्यांची थडगी कोल्हापुरात आहेत. माझा जन्म कोल्हापूरचा. तिकडे मी एकदाही फिरकलेले नाही.

आजींना मोबाईलवर एवढं लिहून दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं आणि विचारलं, तिथे आज दिवे कोण लावतं?

माहीत नाही, असं टाईप केलं.

फाटकाशी त्यांनी मला तिथली जत्रेची मिठाई घेऊन दिली, म्योदेक तुरेत्स्की. चिक्कीपेक्षा टणक. ट्रॅममध्ये दोघीही गप्प. माझ्या दातांना मिठाई चिकटली होती, त्यांचं ठाऊक नाही.