वळायला शिकलो तो शनिवार

रिमोटवरचं छोटं विमान आपल्यापासून लांब जात असतं तोवर सगळं सोपं असतं. डावीकडे न्यायचंय, रिमोटची स्टिक डावीकडे. ते वळून आपल्याकडे तोंड करून यायला लागलं, की त्याचं डावं ते आपलं उजवं होतं.

लेकीसाठी आणि माझ्यासाठी मिळून एअरोस्काउट नावाचं असं एक विमान घेतलं. आरटीएफ, म्हणजे विमान आणि रिमोट आधीच जुळवलेले. पंख बसवले की झालं. (बॅटरी आणि चार्जर खोक्यात आहेत का, ते मात्र घेतानाच बघा.) पंखांची लांबी १.१ मीटर, अंग फोमचं, प्रोपेलर पंखांच्या मागे. इथे अमेरिकेत २५० ग्रॅमच्या वरचं विमान असेल तर एफएएकडे, म्हणजे विमान उड्डाणाच्या सरकारी खात्याकडे, नोंदणी लागते, ५ डॉलरमध्ये ३ वर्षांची. ट्रस्ट नावाची छोटी परीक्षाही असते, ती फुकट.

बिगिनर मोडमध्ये विमान फार झुकत नाही, स्टिक सोडली की आपसूक सरळ होतं. मी दुसऱ्याच शनिवारी तो मोड बंद केला. विमान माझ्याकडे येत होतं, माझ्या उजव्या हाताचा पंख खाली गेला, मी स्टिक डावीकडे ओढली. ते आणखीच कलंडलं आणि नाकावर गवतात गेलं. फोमला बोटभर चीर. प्रोपेलर शाबूत.

क्लबातले एक आजोबा चालत आले. म्हणाले, "डावं-उजवं विसर. जो पंख खाली गेलाय, त्याच्या खाली स्टिकचा टेकू लाव." म्हणजे पंख माझ्या उजवीकडे झुकला, तर स्टिकही उजवीकडेच. त्या एका वाक्याने माझे हात सुधारले.

आम्ही ओहायोतल्या डेटनला राहतो. राइट बंधू डिसेंबर १९०३ मध्ये किटी हॉकला उडाले ते सरळ रेषेत. पहिला पूर्ण गोल फेरा विल्बरने इथल्याच हफमन प्रेअरीवर घेतला, २० सप्टेंबर १९०४ला. त्या कुरणाच्या कडेने जाताना आता मला ते नऊ महिने आठवतात.

चीर चिकटवली, मोड परत बिगिनर. उडवण्याआधी शेपटीमागे उभं राहून तपासणी: स्टिक उजवीकडे केली की उजवं एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी, वर उचललं पाहिजे. ही तपासणी कधीच चुकवू नका. टायमर सात मिनिटांचा, म्हणजे बॅटरी पार उतरायच्या आत विमान खाली येतं.

काल रिमोट लेकीच्या हातात होता. विमान आमच्याकडे वळलं, पंख झुकला. ती पुटपुटली, "टेकू, टेकू." पंख सरळ झाला. "बाबा, अजून एक फेरी?"

टायमरवर दोन मिनिटं उरली होती.