मटणाचा रविवार आणि सिंगापूरची रेस

२०२३ सालच्या एफ-वनच्या, म्हणजे फॉर्म्युला वन मोटार शर्यतींच्या, सगळ्या रटाळ रेसेस मी इमानेइतबारे पाहिल्या. जी एक पाहायची होती, ती सिंगापूरची सोडून. ती चालू होती तेव्हा मी नागपुरात सावजी रश्शात चपाती बुडवत होते आणि नाकाडोळ्यांतून पाणी काढत होते. म्हणजे हे नागपूरचं प्रवासवर्णन कमी आणि स्वतःवरचा वैताग जास्त आहे, हे आधीच सांगून टाकते.

गुरुवारी पोळा होता म्हणून पहाटेच नाशिकहून निघालो. सिन्नरजवळ समृद्धी महामार्गावर चढलो आणि नागपूरजवळ शिवमडक्याला उतरलो. मधलं काही आठवत नाही, कारण मधे काही नाहीच. नवऱ्याने काटा १२०वर ठेवला आणि दीड तासाने विचारलं, "स्टिअरिंग हललं का गं मगाचपासून?" रस्ता छान आहे, गाडी पळते, तक्रार करायला जागा नाही आणि तरी जांभया आवरत नाहीत. मला लगेच दाखला सुचला. म्हटलं, यंदाचा सीझन असाच आहे बघ. रेड बुल संघाचा मॅक्स व्हर्स्टॅपन मायामीपासून मॉन्झापर्यंत सलग दहा रेसेस जिंकलाय. सीझनच्या चौदाच्या चौदा रेसेस रेड बुलच्याच, त्यातल्या बारा याच्या आणि उरलेल्या दोन त्याच्याच संघातल्या पेरेझच्या. सपाट, सरळ, एकशेवीसने. नवऱ्याला एफ-वनमध्ये काडीचा रस नाही, पण झोप उडवायला हवी होती म्हणून त्याने जालन्यापासून वाशिमपर्यंत माझी कुरकुर ऐकून घेतली.

मामाकडे पोचलो तेव्हा पुरणपोळी तव्यावर होती. जेवतानाही माझं तेच पुराण चालू. मामाने मधेच विचारलं, "हे रेड बुल म्हणजे लाल बैल ना?" हो म्हटलं. "मंग आजच्या दिवशी बैलाले नावं ठेवू नको बाई." विषय संपला. निदान त्या दिवसापुरता.

दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे ईडा पीडा घालवायला निघणाऱ्या भल्यामोठ्या पुतळ्यांची मिरवणूक. मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली आणि एकदा पाहिली ते पुरे. काळी मारबत १८८१पासून निघते, पिवळी त्यानंतर चार वर्षांनी सुरू झाली असं सांगतात. इतवारीत दोघींची गाठ पडते आणि तिथे जी गर्दी होते तिला गर्दी म्हणणं म्हणजे अंबाझरी तलावाला डबकं म्हणणं. माझी एक चप्पल तिथेच राहिली. दुसरी मी रागाने स्वतःच टाकून दिली. पण आजूबाजूला जे चाललं होतं ते भन्नाट होतं. बडग्यांवर, म्हणजे मिरवणुकीतल्या पुरुषी पुतळ्यांवर, महागाईपासून पुढाऱ्यांपर्यंत सगळ्यांची सालं काढलेली, आणि हजारो लोक घसा फोडून ओरडत होते, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" कोणी खोकला द्यायचा, कोणी डासांना. बापाच्या खांद्यावर बसलेला आमचा चिनू, माझा भाचा, वय बारा (म्हणजे खांद्यावर बसायचं वय नाही, पण त्याशिवाय दिसत नव्हतं), दोन्ही हात वर करून किंचाळला, "मॅक्सले घेऊन जा गे मारबत!"

शेजारच्या दोघातिघांनी काही न कळता री ओढली. मॅक्स म्हणजे एखादा ताप असावा असं त्यांना वाटलं असणार. एका अर्थी बरोबरच.

संध्याकाळी तान्हा पोळा होता. चिनू लाकडी बैल घेऊन घरोघरी गेला, बोजारा गोळा करून आला आणि पैसे मोजता मोजता मला पासवर्ड मागितला. त्या वर्षी आपल्याकडे रेस टीव्हीच्या वाहिनीवर नव्हती, एफ-वनच्या ॲपवर बघावी लागायची आणि त्याची वर्गणी मी भरलेली. पासवर्ड देऊन टाकला.

शनिवार संत्रा बर्फी, सीताबर्डी आणि नव्या चपला यात गेला. संध्याकाळी क्वालिफाइंग, म्हणजे रविवारी कोण कितव्या जागेवरून सुटणार ते ठरवणारी चाचणी. लिअम लॉसन नावाच्या नवख्या पोराची लॅप लागली आणि व्हर्स्टॅपन दुसऱ्या फेरीतच बाहेर पडला. अकरावा! पेरेझ तेरावा. चिनू सोफ्यावर उड्या मारत होता, "मारबतने ऐकलं, आत्या!"

आणि इथे माझा शहाणपणा आडवा आला. मी त्याला समजावलं की, बाळा, हुरळून जाऊ नकोस. याच वर्षी मायामीत तो नवव्यावरून जिंकलाय. गेल्या वर्षी हंगेरीत दहाव्यावरून, तेही मधे गाडी गरकन फिरून. बेल्जियममध्ये चौदाव्यावरून. अकरावा म्हणजे फक्त त्याचा रविवार दहा-पंधरा लॅप उशिरा सुरू होईल. सगळं खरं होतं. इतकी बरोबर माहिती असून माणूस किती मूर्ख असू शकतो याचा नमुना म्हणून ते वाक्य जपून ठेवलंय.

माझा मामेभाऊ, चिनूचा बाप, फेरारी संघवाला. तो म्हणाला की एकच माणूस जिंकत असला तर रेस पाहायचीच कशाला? मी विचारलं, "दादा, २००४ला तुझ्या फेरारीचा शूमाकर अठरापैकी तेरा जिंकला, तेव्हा तू काय केलंस?" तर म्हणे, "तेव्हा? तेव्हा मी सुट्ट्या काढून पाहिल्या." आता बोला. आपला घोडा पुढे असला की ती मजा, दुसऱ्याचा असला की तो कंटाळा. मीही काही वेगळी नाही. २०१३ला ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किटवर मी स्टँडमध्ये होते. त्या वर्षी रेड बुलचाच व्हेटेल इतका जिंकत होता की मॉन्झाला आणि सिंगापूरला लोकांनी पोडियमवर, म्हणजे पहिल्या तिघांच्या चौथऱ्यावर, त्याची हुर्यो उडवली होती. भारतात तो तिसऱ्यांदा आला, तिसऱ्यांदा जिंकला आणि चौथं विजेतेपद तिथेच नक्की केलं. शेवटी नियम मोडून त्याने मुख्य सरळीवर गाडी गोल गोल फिरवली, टायरचा पांढरा धूर वर आला, मग खाली उतरून त्याने गाडीपुढे लोटांगण घातलं. नंतर दंड झाला म्हणे पंचवीस हजार युरो. रेसमध्ये चुरस काय होती ते विचाराल तर मला आज आठवत नाही. पण तो धूर आठवतो. त्या दिवशी स्टँडमध्ये मी तरी कोणाला जांभई देताना पाहिलं नाही.

रविवारी रेस आपल्या वेळेने साडेपाचला होती. पण हा रविवार साधा नव्हता. त्या वर्षी अधिक मासामुळे श्रावण दोन महिने चालला, तो पोळ्याला संपला. सोमवारी हरतालिका, मंगळवारी गणपती. म्हणजे मटणाला अख्ख्या मोसमात हा एकच रविवार मोकळा, आणि हे गणित नागपुरातल्या प्रत्येक सावजीप्रेमीने केलेलं. दादा म्हणाला, सातनंतर गेलो तर नऊपर्यंत फूटपाथवर उभं राहावं लागेल, सहालाच निघू. मी एकदा टीव्हीकडे पाहिलं, एकदा दादाकडे. म्हटलं चल, रेसचा निकाल माहीतच आहे. चिनू म्हणाला मी नाही येत. मामीसोबत तो घरी राहिला, माझ्या पासवर्डसोबत.

भोजनालयाचं नाव लिहीत नाही, कारण तिथे माझी जी अवस्था झाली त्यात त्यांचा दोष नव्हता. सहालाही पाऊण तास थांबावं लागलं. मग स्टीलचं ताट आलं. काळपट लाल रस्सा, त्यावर बोटभर तर्री, आणि ती इतकी स्थिर की वरचा पंखा तीत दिसत होता. पहिला घास गेला तेव्हा वाटलं, बरं आहे की, उगाच बाऊ करतात. तिसऱ्या घासाला कान गरम झाले. पाचव्याला फोन वाजला.

"आत्या, फेरारीचा साइन्झ पहिला आहे."

"असू दे. मॅक्स कितवा?"

"तो येऊन नाही राह्यला वर. गाडीच चालून नाही राह्यली त्याची."

मी हात धुवायला उठले ती परत बसलेच नाही. ॲप उघडलं तर आत इतके लोक आणि इतके फोन की नुसतं गोल चक्र फिरतंय. बाहेर रस्त्यावर आले, तिथेही चक्रच. शेवटी चिनूला परत फोन लावला आणि म्हटलं, सांग.

त्याने जे सांगितलं ते तोंडाची आग विसरायला लावणारं होतं. ओकोनची गाडी बंद पडली म्हणून व्हर्च्युअल सेफ्टी कार आली, म्हणजे सगळ्यांना वेग कमी ठेवायची सक्ती. तेवढ्यात मर्सिडीजचे रसेल आणि हॅमिल्टन आत जाऊन नवे टायर घालून आले आणि आता लॅपमागे सेकंद-सेकंद कापत येत आहेत. पुढे साइन्झ, त्याच्या मागे नॉरिस, दोघांचे टायर झिजलेले. "आणि आत्या, साइन्झ पळूनच नाही राह्यला! तो मुद्दाम नॉरिसले जवळ ठेवून राह्यला!"

मी म्हटलं, असं कोणी करत नाही, तुला काहीतरी चुकीचं दिसतंय. पण पोट्ट्याचं बरोबर होतं. एका सेकंदाच्या आत राहिलं की मागच्या गाडीला डीआरएस मिळतो, मागचा पंख उघडतो, सरळीवर वेग वाढतो. साइन्झने नॉरिसला तो मिळेल एवढंच अंतर ठेवलं, म्हणजे नॉरिस रसेलला अडवू शकेल. स्वतःच्या पाठीवर बसलेल्याला आपणच बळ द्यायचं, मागच्या दोघांना रोखण्यासाठी. हे मी एका पानठेल्याशेजारी, नव्या चपला घालून, नाक पुसत, बारा वर्षांच्या मुलाच्या तोंडून ऐकत होते. दादा बाहेर आला. फेरारी पहिली आहे कळल्यावर त्याचा चेहरा जो झाला, तो मी फोन हातात असूनही टिपला नाही याचं दुःख वेगळंच.

शेवटची लॅप. फोन स्पीकरवर. पलीकडून नुसता श्वास, मग किंकाळी: "गेला! रसेल भिंतीत गेला!" दादाने माझा दंड इतका जोरात धरला की पानठेलेवाल्याने विचारलं, "काही झालं का ताई?"

साइन्झ, नॉरिस, हॅमिल्टन. मॅक्स पाचवा. रेड बुलची त्या वर्षातली पहिली हार, आणि मटण ताटात थंड.

रात्री मामाला सगळं सांगितलं. मामाचं बालपण धामणगावकडचं, त्यामुळे तळेगाव दशासरचा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, त्याच्या डोळ्यासमोर असतो. मधे कोर्टाच्या बंदीत पट थांबले होते तेव्हा घरात सुतक असल्यासारखा वागायचा. तो म्हणाला, "आमच्या वक्ताले एक जोडी होती, तीन सालं कोणाले हारली नाही. लोकं म्हणत, काय पाहाचं त्यात? आन् तेच सगळ्यात पयले येऊन बसत. काहून? ज्या दिवशी ते हारन त्या दिवशी आपण घरी नको, म्हणून." मग माझ्याकडे पाहून, "तू त मटण खात होती." मामी हसली. मला त्याचं म्हणणं अर्धंच पटलं. तीन वर्षं धुळीत बसून एका हारीची वाट पाहणं ही भक्ती आहे, करमणूक नाही. पण तेव्हा वाद घालण्याच्या स्थितीत माझी जीभ नव्हती.

सोमवारी परत. समृद्धी. जांभया.

पुढच्या शनिवारी पहाटे नागपुरात ढग फुटल्यासारखा पाऊस पडला, अंबाझरी ओसंडून वाहिली आणि खालच्या वस्त्यांत पाणी शिरलं. मामाकडे पार्किंगमध्ये पाणी, दादाची स्कूटर त्यात. माणसं वरच्या मजल्यावर, म्हणून सुखरूप. रविवारी सकाळी जपानची रेस होती, आणि त्यांच्याकडे वीज यायची होती. साडेदहाला मामीच्या फोनवरून चिनू बोलला, "चार्जिंग कमी आहे आत्या, पण तू सांग."

मी टीव्हीसमोर बसले. मॅक्स पहिल्यापासून पुढे, दुसरं काही होणार नव्हतं. काय सांगायचं? मग सांगत गेले. सुरुवातीला पियास्ट्री आणि नॉरिस दोघं कसे दोन बाजूंनी अंगावर आले आणि त्याने पहिल्या वळणाआधी दोघांनाही जागा दिली नाही. पेरेझने मॅग्नुसेनला कसं ठोकलं, गाडी आत नेऊन निवृत्त झाला, आणि बऱ्याच लॅपनंतर परत बाहेर आला, केवळ राहिलेली शिक्षा भोगायला. पियास्ट्री पहिल्यांदाच रविवारच्या पोडियमवर. बोलता बोलता चहा गार झाला.

"आणि मॅक्स?"

"पुढे."

"किती?"

"एकोणीस सेकंद."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मला वाटलं चार्जिंग संपलं.

"आत्या, ते पेरेझचं परत सांग ना."