धावणारे रंग आणि चालणारे घड्याळ

गेल्या महिन्यात म्हापशाच्या बाजारातल्या एका कापडाच्या दुकानदाराने कुणबी साड्यांना जोडायची एक चिठ्ठी माझ्याकडे तपासायला पाठवली. चिठ्ठीच्या एका बाजूला साडी कशी धुवावी यासंबंधीचा चार ओळींचा इंग्रजी मजकूर होता आणि दुसऱ्या बाजूला त्याचे मराठी, जे त्याने संगणकाकडून करून घेतले होते. तिसरी ओळ अशी होती : ‘पहिल्या धुण्यात रंग धावू शकतात.’ बादलीतून तांबडा रंग उडी मारून अंगणाकडे पळतो आहे आणि मागून घरची बाई धावते आहे, असे चित्र डोळ्यांपुढे आले आणि हसू आवरेना. मात्र हसून झाल्यावर लक्षात आले की चूक यंत्राची असली तरी ती आपण सगळ्यांनी शाळेत केलेली आहे. ‘रन’ म्हणजे धावणे, हे समीकरण आपल्याला पहिल्याच इयत्तेत पाठ करवले जाते आणि पुढे कोणी ते दुरुस्त करत नाही.

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशाची पहिली आवृत्ती 1884 ते 1928 या काळात खंडाखंडाने बाहेर पडली. 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ या शब्दाची होती. पुढे नव्या आवृत्तीसाठी ‘रन’ या क्रियापदाची नोंद पुन्हा लिहिण्याचे काम पीटर गिलिव्हर या संपादकाकडे आले. त्यात त्यांचे सुमारे नऊ महिने गेले आणि या एका क्रियापदाचे 645 अर्थ नोंदवले गेले. तीन अक्षरांच्या शब्दासाठी नऊ महिने, हे ऐकून पूर्वी मला कोशकारांची कीव येत असे. चिठ्ठीचे प्रकरण झाल्यापासून ती येत नाही.

या पसाऱ्याची गुरुकिल्ली, माझ्या मते, जर्मन भाषेत सापडते. जर्मनमध्ये माणसाच्या धावण्याला ‘रेनेन’ आणि पाण्याच्या वाहण्याला ‘रिनेन’ अशी दोन सख्खी, तरी वेगळी क्रियापदे आहेत. जुन्या इंग्रजीतही अशी जोडी होती. पुढे ती दोन्ही एकमेकांत मिसळली आणि ‘रन’ हा एकच शब्द उरला. त्यामुळे इंग्रजीत नळ, नदी, नाक आणि कपड्याचा रंग यांना जे ‘रन’ लागते ते धावण्याचे नसून वाहण्याचे आहे. त्याचा पायांशी संबंध नाही. माझ्या वडिलांचे शिक्षण 1961 पूर्वी पोर्तुगीजमधून झाले होते आणि इंग्रजी त्यांनी फार उशिरा शिकली, तरी हा शब्द त्यांना कधी अडला नाही, कारण पोर्तुगीज ‘कोर्रेर’ हे क्रियापदही माणसाला आणि नदीला सारखेच लागते. आम्ही मुले मात्र मराठीतून इंग्रजीकडे गेलो आणि आपल्याकडे मांडवी वाहते, माणूस धावतो. या दोहोंत गल्लत करायची सोयच नाही.

वाहण्याचा भाग वगळला तरी उरलेले ‘रन’ही फारसे धावत नाही. यंत्र, दुकान, घड्याळ, खटला, वर्ग, आगगाडी या सगळ्यांना इंग्रजीत ‘रन’ चालते, आणि मी हे वाक्य लिहिता लिहिताच त्याचे मराठी उत्तर वाक्यात येऊन बसले आहे. आपल्याकडे हे सगळे चालते. गिरणी चालते, धंदा चालतो, घड्याळ चालते, कोर्टात दावा चालतो, परीक्षेच्या आदल्या रात्री डोके चालत नाही आणि शेजारणीची जीभ मात्र चालते. इंग्रजाचे जग धावते आणि आपले चालते, म्हणून तो उद्योगी आणि आपण आळशी, असा निष्कर्ष काढणारे लोक मला भेटले आहेत. गोव्याच्या ‘सुशेगाद’पणाचा दाखलाही ते लगेच देतात. मला हा शुद्ध आचरटपणा वाटतो. घड्याळ मागे पडू लागले तर इंग्रज त्याला ‘सावकाश धावते’ असे म्हणतो, म्हणजे त्या धावण्यात वेग मुळीच अभिप्रेत नाही. खंड न पडता गती टिकून राहणे एवढाच त्याचा अर्थ आहे आणि आपले ‘चालणे’ नेमके तेच सांगते. एखादा आजार घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या ‘चालत आला’ असे आपण म्हणतो, तिथेही इंग्रज ‘रन’च वापरतो.

याचा अर्थ ‘रन’च्या जागी डोळे मिटून ‘चालणे’ ठेवावे असा मात्र नाही. पाहुण्याला ‘चहा चालेल का?’ असे विचारताना जे ‘चालेल’ येते, किंवा सोवळ्यात जे ‘चालत नाही’, त्याला इंग्रजी ‘रन’ शिवतही नाही. उलट, निवडणुकीला अमेरिकेतला उमेदवार धावतो, इंग्लंडमधला उभा राहतो, आणि गोव्याच्या 40 जागांसाठी आपले उमेदवार उभेही राहतात व निवडणूक लढवतातही. धावण्याचा मान आपण त्यांच्या कार्यकर्त्यांसाठी राखून ठेवला आहे.

या शब्दाचा सर्वांत अजब उपयोग गोव्याने वर्षानुवर्षे रोज पाहिला. 2000 सालच्या जून महिन्यात ‘रिव्हर प्रिन्सेस’ नावाचे जहाज कांदोळीच्या किनाऱ्याजवळ वाळूत रुतले. ते तिथे दहा वर्षांहून अधिक काळ गंजत पडले होते आणि सुटीवर आलेले लोक त्याच्यासमोर उभे राहून छायाचित्रे काढत. जहाज असे रुतण्याला इंग्रजीत ‘रॅन अग्राउंड’ म्हणतात. जे जहाज जागचे हलत नव्हते, त्याची बातमी प्रत्येक वेळी याच क्रियापदाने लिहिली जात असे. मराठी वृत्तपत्रे ‘रुतलेले जहाज’ असे लिहीत. आपल्या शब्दाला वाळू लागलेली होती आणि मला तो अधिक प्रामाणिक वाटे.

आता दुसरी बाजू. काही ठिकाणी मराठीने ‘रन’चे सरळ ‘धाव’ केले आणि ते झकास जमले. क्रिकेटमधल्या धावा, धावसंख्या आणि धावचीत हे शब्द इतके मुरले आहेत की चेंडू सीमेपार गेल्यावर फलंदाज पाऊलही न उचलता चार ‘धावा’ मिळवतो, यातली गंमत कुणाला जाणवत नाही. दाबोळीची धावपट्टीही अशीच. त्यामुळे ‘धाव’ हा शब्दच वर्ज्य करावा असे मी म्हणू शकत नव्हतो, आणि आईने तर माझा उरलासुरला सिद्धान्तही मोडून टाकला.

ती पडवीत बसून जुन्या लुगड्यांची वाकळ शिवत होती. तिची सुई कापडाच्या वर-खाली होत चार-पाच टाके एकदम गोळा करत होती आणि मग दोरा एका झटक्यात पुढे ओढला जात होता. मी तिला चिठ्ठीची हकीकत सांगितली आणि ‘रंग कसा धावेल?’ असे म्हणालो. तिने मान वर न करता विचारले, ‘‘मग हा दोरा कसा धावतो रे? ह्याला धावदोराच म्हणतात ना?’’ इंग्रजीतही या टाक्याला ‘रनिंग स्टिच’ म्हणतात. इंग्रजीचा गंध नसलेल्या आईच्या सुईवर दोन्ही भाषा एकाच शब्दावर येऊन भेटल्या होत्या. तेव्हा आपल्याला ‘धाव’ परकी नाही. ती कुठे वापरायची याची आपली सवय वेगळी आहे, एवढेच.

रंगाचा प्रश्न आईनेच पुढे नेला. रंग उडतो तो उन्हाने, विटतो तो जुनेपणाने, जातो तो धुण्यात आणि लागतो तो शेजारच्या पांढऱ्या सदऱ्याला, असे तिने बोटांवर मोजून दाखवले. इंग्रजी ‘रन’मध्ये यांतले शेवटचे दोन एकत्र येतात : रंग आपली जागा सोडतो आणि दुसरीकडे पसरतो. मी दुकानदाराला ‘पहिल्या धुण्यात रंग जाईल’ असे लिहून पाठवले. त्याचा ताबडतोब फोन आला. ‘‘भाई, रंग जाईल असे लिहिले तर साडी कोण घेणार?’’ त्याची हरकत रास्त होती. ‘रंग जाणे’ ही मराठीत कापडाविषयीची तक्रारच आहे, तर इंग्रजी ओळीत केवळ सूचना होती. मग ‘सुरुवातीला रंग सुटेल’ असा पर्याय सुचवला. तो त्याला कमी झोंबला, पण पुरेसा गोड वाटला नाही. ‘इतर कपड्यांना रंग लागू शकतो’ हे अचूक होते, पण चिठ्ठी दोन बोटे रुंद आणि भोक पाडून दोरा ओवायची जागाही सोडायची होती.

शेवटी छापून आलेल्या चिठ्ठीवर तिसरी ओळ आहे : ‘पहिल्यांदा वेगळी धुवावी.’ रंगाचा उल्लेख नाही, ‘रन’चे मराठीही नाही, आणि साडी घेणाऱ्या बायकांपैकी एकीनेही अजून त्याचे कारण विचारलेले नाही.