पाजणीची गल्ली

उमरेड मागे पडलं, भिवापूर आलं आणि एसटीत शिंका सुरू झाल्या. रस्त्याच्या कडेला मिरची वाळत होती. भिवापुरी मिरचीला जीआय मानांकन आहे, हे त्या क्षणी सांगितलं असतं तर शेजारच्या आजीने मला खालीच उतरवलं असतं.

पवनीला लोक येतात ते देवळांसाठी, वैनगंगेच्या घाटासाठी, नाहीतर गोसीखुर्दचं धरण बघायला. अभ्यासू माणसं जगन्नाथ टेकडी विचारतात, कारण तिथे १९६९-७० च्या उत्खननात बौद्ध स्तूप सापडला. मला मात्र आईच्या माहेरची कोष्ट्यांची, म्हणजे विणकरांची गल्ली बघायची होती. आई गेल्यावर प्रथमच येत होते.

गल्ली सापडली आणि पहिलं नवल हे वाटलं की ती सरळ आहे. जुन्या गावातल्या बाकीच्या गल्ल्या नागमोडी, ही मात्र पट्टी ठेवून आखल्यासारखी. मामीला विचारलं तर ती हसली. "पाजणीसाठी वं बाई. ताणा वाकडा कसा चालंल?"

मागावर चढवण्याआधी ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, खळ लावायची, कुंच्याने सारखी करायची आणि वाळवायची, ती पाजणी. त्यासाठी सगळा ताणा लांबच लांब पसरावा लागे. घरात एवढी जागा कुठली? मग पहाटे गल्लीतच काठ्या रोवायच्या, ऊन चढायच्या आत काम उरकायचं. एकट्यादुकट्याचं काम नव्हतं ते. ज्याची पाजणी, त्याच्याकडे चार घरची माणसं. दुसऱ्या दिवशी उलट. बैलगाडीवाला आला तर तोंडाशी थांबून बिडी ओढत बसे. गल्ली आधी ताण्याची, मग गाडीची.

समोरच्या ओट्यावर मामीचे चुलत सासरे बसले होते, नव्वदीच्या आसपासचे. त्यांना बंद दारं एकेक करून विचारत गेले. कुलूप लावलेलं पहिलं घर रेडिओवाल्यांचं. "बातम्या लागल्या का सगळे माग बंद. खटखटीत ऐकू येत नव्हतं ना!" त्यापुढचं पडकं घर करवतकाठवाल्यांचं. कोशाच्या साडीला करवतीच्या दातांसारखा काठ, तीन धोट्यांचं काम. धोटा म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारा. "दिवसभरात वीतभर झालं तरी खूप. धोट्याचा हात चुकला का दात मोडला." आता तिथे एरंड माजलाय आणि मागाच्या खड्ड्यात, पाय सोडून विणकर बसायचा त्या जागी, कोंबड्या निजतात.

तिसऱ्या घरचे नागपूरला गेले, एम्प्रेस मिलमध्ये लागले. १८७७ साली सुरू झालेली ती मिलही बंद पडली. तिच्या जागी आता मॉल आहे. मी तिथे कितीदा कपडे घेतले असतील! गल्लीतून गेलेल्या माणसांच्या वाटेवरच उभी राहून घेतले, हे कधी डोक्यातही आलं नाही. तसंच सावजीचं. नाक पुसत सावजी रस्सा ओरपणाऱ्या कितीजणांना माहीत असतं की तो मुळात कोष्ट्यांच्या घरचा?

आजोबांचं घर शेवटून दुसरं. तिथे आता दुसरं कुटुंब राहतं; त्यांनी चहा पाजला, पण सांगण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं आणि मीही फार खोदलं नाही.

परत आले तर ओट्यावर वाद पेटलेला.

"तुझ्या आजाचा ताणा ह्या ओट्यापासून निघे, तो थेट कडुनिंबापर्यंत," सासरे म्हणाले.

"मामाजी, कडुनिंबापर्यंत नाही, विहिरीपर्यंत," मामी पदर सावरत म्हणाली.

"तू लग्न होऊन आली तवा अर्धे माग बंद झाले होते, सूनबाई. तुले काय माहीत?"

"पाजणीला मीच तर उभी राहत होती! तुटलेले धागे कोन सांधत होतं?"

विहीर कधीचीच बुजवलेली. तिच्या जागी हातपंप आहे, तोही कोरडा. कडुनिंब आहे. मी चपला काढल्या आणि ओट्यापासून पावलं मोजत निघाले. दोन्ही बाजूंनी दारात बाया आल्या, पोट्टे मागे लागले. कडुनिंबाशी पोचून ओरडले, "अडुसष्ट!"

"तुझी पावलं लहान आहेत," ओट्यावरून आवाज आला. "परत मोज."