बाप्पाचे हात मोकळे ठेवा

२०२४ची गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती, तरी पेणच्या आमच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यात मार्चमध्येच पॅकिंगची घाई उडाली होती. तांबड्या समुद्रात हल्ले होत असल्याने बोटी आफ्रिकेला वळसा घालून जात होत्या. न्हावा शेवाहून अमेरिकेला जाणारा माल दहा-पंधरा दिवस उशिरा पोचणार हे धरूनच चालायचं.

त्या दिवशी न्यू जर्सीच्या मंडळाकडून त्यांचे इथले नातेवाईक माल बघायला आले. उघड्या खोक्यात डोकावून म्हणाले, "अहो, हाताभोवती सगळी पोकळी आहे. थर्मोकोल दाबून भरा की!"

"काका, हाताला काही टेकलं तर धक्का थेट हातालाच बसतो," मी म्हटलं. त्यांना ते पटेना.

शाडूची मूर्ती जड असते, आणि वाळली की बोटं, सोंड, कान अगदी ठिसूळ होतात. म्हणून भार पाटावर आणि पाठीवर घ्यायचा. आधी मऊ कागद, मग फोम. बबल रॅप थेट रंगावर गुंडाळला तर कंटेनरच्या उष्णतेत वार्निशवर गोल ठसे उमटतात. आशीर्वादाच्या हाताभोवती पुठ्ठ्याचं नळकांडं, कुठेही न टेकणारं. मग खोक्यात खोका. परदेशी मालात पेंढा चालत नाही आणि लाकडी पेटी असेल तर तिच्यावर गव्हाच्या लोंबीचा शिक्का लागतो, म्हणजे लाकूड तापवून किंवा धुरी देऊन कीडमुक्त केलेलं आहे.

शेवटी डोळ्यांची आखणी बिघडलेल्या दोन मूर्ती काढल्या. एक काकांच्या पद्धतीने ठासून भरली, दुसरी माझ्या. दोन्ही खोकी कमरेइतक्या उंचीवरून कोपऱ्यावर सोडली. बाप्पाची मूर्ती मुद्दाम पाडायची म्हणून पोरं कचरत होती. प्राणप्रतिष्ठा झालेली नाही, असं समजावलं तेव्हा कुठे तयार झाली.

काकांचं खोकं उघडलं तर उजवा हात मनगटातून तुटून थर्मोकोलमध्येच रुतून बसलेला. माझ्या मूर्तीचे हात, सोंड सगळं शाबूत, पण पाटाचा टवका उडाला होता. मग सगळ्याच पेट्यांत खाली फोमचा आणखी एक थर घातला.

काका स्वतः पुठ्ठा कापायला बसले. जादा फोमचे पैसे बिलात दिसले तेव्हा मात्र पुन्हा वाद झालाच.