तुम्ही विचारलंत म्हणून: मुलं एवढी का चिडतात?

बडोद्यात दांडिया बाजारात मी चित्रकलेचे वर्ग घेते. मुलांना न्यायला आलेले पालक दाराशी उभ्याउभ्याच विचारतात, कधी मराठीत, कधी गुजरातीत: "बाई, कुठल्यातरी जपानी चित्रकथेवर खरी माणसं घेऊन सिनेमा निघाला, तर आमचा दोन दिवस नीट जेवला नाही. ह्यात एवढं काय आहे हो?" आवाजात थोडी काळजी, थोडी चेष्टा. दाराशी उभं राहून ह्याचं उत्तर देता येत नाही, म्हणून लिहिते.

तुम्हाला वाटतं, मूळ गोष्टीत बदल केला म्हणून मुलं चिडतात. तसं नाही. 'वन पीस'चंच घ्या. एइचिरो ओडा यांची ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, १९९७ पासून 'शोनेन जंप' ह्या साप्ताहिकात चालू आहे, शंभरावर खंड झालेत. ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस नेटफ्लिक्सवर तिच्यावरची मालिका आली, आठ भागांची. बदल भरपूर. डॉन क्रीग ह्या खलनायकाचं अख्खं प्रकरण जवळजवळ गाळलेलं. गार्प हा नायक लफीचा आजोबा, हे मांगात शेकडो प्रकरणं उलटल्यावर कळतं. इथे पहिल्याच पर्वात. लफीचा साथीदार सांजी, त्याच्या भुवईचा गोल वळसा गायब. आणि तरी माझ्या वर्गातली, मांगा तोंडपाठ असलेली मुलंच सगळ्यांत जास्त खूश होती. एकाने तर उत्तरायणात गच्चीवर दिवसभर लफीची गवती टोपी घालून पतंग उडवले. ऊन लागू नये म्हणून, असं त्याने घरी सांगितलं.

आता २००९ चा 'ड्रॅगनबॉल इव्होल्यूशन' बघा. मूळ मांगाचा नायक गोकू हा डोंगरात एकटा वाढलेला, शेपूट असलेला, सदा भुकेला पोरगा. सिनेमात तो अमेरिकी शाळेत दादागिरी सहन करणारा विद्यार्थी झाला. मूळ चित्रकार अकिरा तोरियामा यांनी पुढे नाराजी बोलून दाखवली, आणि पटकथा लिहिणाऱ्या बेन रॅमसी यांनी २०१६ मध्ये चाहत्यांची जाहीर माफी मागितली. गोष्टीवरच्या प्रेमाने नव्हे, मोठ्या पैशासाठी काम घेतलं होतं, असं त्यांनी कबूल केलं. किंवा २०१७ चा इंग्रजी 'डेथ नोट'. मूळ मांगाचा नायक लाइट यागामी थंड डोक्याचा, सगळ्या परीक्षांत पहिला येणारा. त्याची भीती वाटते ती तो इतका शांत असतो म्हणून. सिनेमातला सिएटलचा लाइट टर्नर मृत्युदेव समोर आल्यावर बेंबीच्या देठापासून किंचाळतो.

माझ्या मते राग ह्याचा येतो की सिनेमा काढणाऱ्यांना मूळ गोष्टीची लाज वाटते. मांगात माणसं रबरासारखी ताणली जातात, ठोसा मारण्याआधी त्या ठोशाचं नाव ओरडतात, रडली की नाकाडोळ्यांतून धबधबे. हे सगळं वेडगळ आहे, हे वाचणाऱ्याला ठाऊक असतं. त्याने ती लाज कधीच गिळलेली असते, तीही फुकट नाही. "एवढा घोडा झालास, अजून कार्टून?" हे त्याने मामाकडून, आत्याकडून आणि तुमच्याकडूनही ऐकलेलं असतं. मग मोठ्या पडद्यावर तीच गोष्ट येते, आणि ती करणारेही जणू खाली मान घालून म्हणतात, 'हो, जरा वेडगळच आहे, आम्ही ती शहाणी करून दाखवतो.' लग्नात पाहुण्यांशी ओळख करून देताना काकाने "हा आमचा जरा तसाच आहे, सांभाळून घ्या" म्हणावं, तसं ते लागतं. 'वन पीस'च्या मालिकेत लफी झालेला नट इन्याकी गोडॉय रबरासारखा हात लांबवून 'गम गम' ओरडतो तेव्हा तो एक क्षणही ओशाळत नाही. भुवईची माफी त्यातच मिळून गेली.

बदलाला माफी मिळते ह्याचा आणखी एक पुरावा म्हणजे २००३ चा कोरियन 'ओल्डबॉय'. तोही जपानी मांगावरून. गोष्टीच्या गाभ्यातलं रहस्यच त्यात बदललं, तरी २००४ मध्ये कान महोत्सवात त्याला ग्राँ प्री मिळालं. (मूळ मांगा जपानबाहेर फारशी कुणी वाचली नव्हती, हेही पथ्यावर पडलं असेल.) जपानमध्येच २०१२ ते २०२१ दरम्यान 'रुरोनी केनशिन'चे पाच सिनेमे निघाले. लाल केस, गालावर फुलीसारखा व्रण, सगळं चित्रातलं तसंच ठेवलं, आणि तलवारबाजी मात्र हाडामांसाची. तिथेही कोणी ओशाळलेलं दिसत नाही.

दुसरं एक कारण पालकांना सहसा माहीत नसतं. ह्या वाचकांना विचारून घ्यायची सवय आहे. 'जंप'च्या अंकात मतपत्रिकेचं पोस्टकार्ड असतं. ह्या अंकातलं काय आवडलं ते वाचक लिहून पाठवतात. ज्या चित्रकथेला सतत मतं कमी पडतात ती गुंडाळली जाते. म्हणजे जी मांगा पंचवीस वर्षं टिकली ती वाचकांनी आठवड्या-आठवड्याला निवडून दिली म्हणून टिकली. बडोद्याच्या मुलाने कार्ड टाकलेलं नसतं, पण ह्या वाचकवर्गाचा हक्क त्याच्याही अंगात भिनतो. सिनेमावाले मात्र कुणाला विचारत नाहीत. म्हणूनच, ओडा समाधानी होईपर्यंत मालिका दाखवणार नाही असं नेटफ्लिक्सने कबूल केलंय, हे खुद्द ओडांनी पत्र लिहून सांगितलं, तेव्हा निम्मा राग आधीच उतरला.

सगळाच राग न्यायाचा असतो असं मी म्हणत नाही. पहिला फोटो बाहेर आला की विगवरून जो गदारोळ होतो, त्याकडे मी लक्ष देत नाही. नटाच्या रंगावरून कोणी बोललं तर वर्गात सरळ दम देते. ओडांनीच एका वाचकाला उत्तर देताना सांगितलं होतं की ही पात्रं आपल्या जगात असती तर लफी ब्राझीलचा आणि त्याचे साथीदार, नामी स्वीडनची, उसॉप आफ्रिकेतला असता. उसॉपच्या भूमिकेत कृष्णवर्णीय नट बघून ज्याचं बिनसतं, त्याने मांगा नीट वाचलेली नाही.

राहिलं तुमचं "आमच्या वेळी असलं नव्हतं." होतं की, आणि तेही आपल्या गावात! सयाजीराव महाराजांनी राजा रविवर्म्याकडून लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी पुराणातली चित्रं काढून घेतली. तोवर देव पाहायचे ते मूर्तीत नाहीतर पोथीच्या चित्रात. ह्याने त्यांना खरी कातडी दिली, खऱ्या साड्या नेसवल्या. घरोघरी ती छापील चित्रं पूजेला लागली, आणि आनंद कुमारस्वामींसारख्या जाणत्यांनी त्यांना नाटकी म्हणून झोडपलं. पुढे आपल्याच कलाभवनात शिकून गेलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये हरिश्चंद्र पडद्यावर आणला, त्यात तारामती झाले होते अण्णा साळुंके. मनातलं चित्र एक आणि समोरचं माणूस दुसरं, ही कुरबुर तेव्हाही झालीच असणार.

सध्या माझ्या वर्गात वाद चालू आहे तो उसॉपच्या नाकाचा. मांगात ते हातभर लांब. मालिकेत नटाचं स्वतःचंच नाक ठेवलं. निम्मी मुलं म्हणतात, बरं झालं, रबराचं नाक चिकटवलं असतं तर दर वेळी हसू आलं असतं. बाकीची म्हणतात, थापाड्या माणसाचं नाक कापलं की उरलं काय? मी दुसऱ्या बाजूची. फत्तेसिंहराव संग्रहालयात रविवर्म्याची सरस्वती आहे, तिथे मुलांना घेऊन जा आणि नीट बघा. साडी खरी, चेहरा खरा, आणि हात चार. त्याला चार हात रंगवायची लाज वाटली नाही, तर ह्यांना एक नाक काय जड होतं?